लुई अगासी : निर्मात्याची ग्वाही देणारा, मानवाचे एकत्व नाकारणारा



शाळेतून परतलेले मूल विज्ञानाचे पुस्तक पुढे करून डार्विनविषयी प्रश्न विचारते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना एखाद्या अशा शास्त्रज्ञाचे नाव हवे असते, ज्याने उत्क्रांतिवाद नाकारला आणि या सृष्टीमागे निर्माता आहे असे ठामपणे सांगितले. अशा नावांत लुई अगासी यांचे नाव हटकून घेतले जाते, आणि ते घेण्यात चूकही नाही. एकोणिसाव्या शतकात डार्विनच्या विरोधात उभा राहिलेला एवढ्या योग्यतेचा दुसरा प्राणिशास्त्रज्ञ क्वचितच आढळेल. परंतु हे नाव मुलांच्या हाती देण्यापूर्वी आपण त्यांचे पूर्ण चरित्र वाचावे, अशी विनंती आहे.

अगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिये या गावी झाला. वडील प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. झुरिच, हायडेलबर्ग आणि म्युनिक येथे त्यांनी शिक्षण घेतले. घरच्यांच्या इच्छेखातर वैद्यकाची पदवी संपादन केली, पण जीव रमला तो माशांत. ब्राझीलहून आणलेल्या माशांवरील त्यांचा ग्रंथ १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे पॅरिसमध्ये त्या काळचे सर्वश्रेष्ठ प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए यांच्याकडे ते गेले. कुव्हिए यांनी जीवाश्मरूप माशांवरील स्वतःची टिपणे आणि चित्रे या तरुणाच्या स्वाधीन केली. एका विद्वानाने आपली वर्षानुवर्षांची पुंजी अशी दुसऱ्याला देऊन टाकावी, हे विद्येच्या इतिहासात विरळाच घडते. त्या पुंजीचे अगासी यांनी चीज केले. १८३३ ते १८४३ या दहा वर्षांत त्यांनी जीवाश्म-माशांवरील पाच खंड सिद्ध केले आणि सुमारे १७०० लुप्त जातींची माहिती जगापुढे ठेवली. या काळात ते न्यूशातेल येथे प्राध्यापक होते.

त्यांची खरी कीर्ती मात्र बर्फाने झाली. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, दूरदूरच्या मैदानांत, प्रचंड शिळा एकट्याच पडलेल्या दिसतात. त्यांचा दगड भोवतालच्या दगडाशी जुळत नाही. हजरत नूह (अ.) यांच्या काळातील महापुराने त्या वाहून आणल्या, असे अनेक विद्वान मानत. व्हेनेत्झ आणि शार्पांतिए या दोन स्विस अभ्यासकांचे म्हणणे होते की, त्या हिमनद्यांनी आणल्या. अगासी यांना ते पटेना. १८३६ च्या उन्हाळ्यात शार्पांतिए यांचे मत खोडून काढण्याच्या तयारीने ते त्यांच्याकडे गेले, खडकांवरचे ओरखडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मत बदलून परतले. दुसऱ्याच वर्षी न्यूशातेलच्या विद्वत्सभेत त्यांनी सांगितले की, एके काळी युरोपचा फार मोठा भाग बर्फाखाली गाडलेला होता. सभेला माशांवरचे व्याख्यान अपेक्षित होते, त्यामुळे नाराजी झाली. ज्येष्ठ मित्र हुम्बोल्ट यांनीही त्यांना माशांकडे परतण्याचा सल्ला दिला. अगासी मागे हटले नाहीत. आर हिमनदीवरील एका प्रचंड शिळेच्या आडोशाला बिऱ्हाड थाटून त्यांनी वर्षानुवर्षे बर्फाची गती मोजली. हिमनदीच्या पोटात काय आहे हे पाहण्यासाठी ते दोराला बांधून एका बर्फविवरात सुमारे १२० फूट खाली उतरले आणि पाय गोठणाऱ्या पाण्यात बुडाल्यावरच वर ओढले गेले. १८४० मध्ये त्यांचा हिमनद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिमयुगाची कल्पना आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि दिसेल ते मानावे, ही त्यांची रीत होती. तिची आठवण पुढे आपल्याला ठेवावी लागेल.

१८४६ मध्ये ते अमेरिकेस गेले. बोस्टनमधील त्यांच्या व्याख्यानांचा विषय होता प्राणिसृष्टीतील निर्मितीची योजना. त्यांच्या वाणीने शहर भारून गेले. लवकरच हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले आणि १८५९ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून तेथे प्राणिशास्त्राचे मोठे संग्रहालय स्थापन झाले. नव्या विद्यार्थ्यापुढे ते एक मासा ठेवत आणि निघून जात. पुस्तक नाही, भिंग नाही. दिवसामागून दिवस विद्यार्थ्याने तो मासाच पाहायचा.

सृष्टीविषयी त्यांची धारणा अशी होती की, प्राण्याची प्रत्येक जात म्हणजे ईश्वराच्या मनातील एक स्वतंत्र विचार होय. एका जातीपासून दुसरी जात निपजत नाही. पृथ्वीवर वेळोवेळी प्रलय आले, सर्व जीव नष्ट झाले आणि ईश्वराने नव्याने निर्मिती केली; हिमयुग हा असाच एक प्रलय. शिवाय प्रत्येक जात ज्या प्रदेशात आढळते, तेथेच ती मोठ्या संख्येने निर्माण करण्यात आली. १८५७ च्या वर्गीकरणविषयक निबंधात त्यांनी हे सविस्तर मांडले. दोन वर्षांनी डार्विनचा ग्रंथ आला, तेव्हा अमेरिकेतील विरोधाचे नेतृत्व साहजिकच अगासी यांच्याकडे गेले.

येथवर वाचून आपले मन प्रसन्न झाले असेल. आता पुढचे पाहा. प्रत्येक प्रदेशाचे प्राणी वेगळे निर्माण झाले, तर माणसांचे काय? अगासी यांनी आपले तर्कशास्त्र माणसालाही लावले. युरोपात असताना ते मानवजातीचे मूळ एकच मानत होते. १८४६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका खाणावळीत काळ्या नोकरांशी त्यांचा प्रथमच निकट संबंध आला. आईला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्याला वाटलेली किळस लपवली नाही. त्यानंतर चार वर्षांत, १८५० च्या मार्च महिन्यात, गुलामांच्या व्यापारावर वाढलेल्या चार्ल्सटन शहरातील शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी जाहीर केले की, मानववंशांचा उगम वेगवेगळा आहे. त्याच वर्षीच्या एका लेखात त्यांनी असेही प्रतिपादन केले की, आदमची कथा केवळ गोऱ्या वंशापुरती आहे.

इस्लामचा विद्यार्थी येथे थांबल्याशिवाय राहत नाही. पवित्र कुरआनची शिकवण सांगते की, सर्व मानव एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून आहेत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रसंगी अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर कोणतेही श्रेष्ठत्व नसल्याचे बजावले. निर्मात्याचे नाव घेणाऱ्या अगासी यांनी हजरत आदम (अ.) यांच्या बहुसंख्य लेकरांना त्यांच्या वंशावळीतूनच वगळले. सर्व माणसे एकाच जातीची आहेत, असे ते तोंडाने म्हणत आणि गुलामगिरीचे आपण समर्थक नाही असेही सांगत. पण १८५४ मध्ये गुलामगिरीच्या पाठीराख्यांनी मानववंशांवर जाडजूड ग्रंथ काढला, तेव्हा त्यात अगासी यांचा लेख होता.

आता त्यांच्या पाहण्याच्या रीतीची आठवण करू. चार्ल्सटनच्या सभेनंतर ते त्याच राज्यातील कोलंबिया शहरी गेले. तेथील एका डॉक्टरच्या मदतीने त्यांनी आफ्रिकेत जन्मलेले गुलाम आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले तपासली. मग त्यांच्यासाठी सात जणांची छायाचित्रे काढण्यात आली, वस्त्रे उतरवून, समोरून आणि बाजूने, जसे माशाचे चित्र काढतात तसे. रेंटी आणि त्याची मुलगी डेलिया, जॅक आणि त्याची मुलगी ड्राना, शिवाय आल्फ्रेड, जेम आणि फासेना. बापाला आणि लेकीला या अवस्थेत आणण्याचा अर्थ काय, हे कुटुंबवत्सल वाचकांना वेगळे सांगायला नको. फासेनाच्या चित्रावरील चिठ्ठीत त्याचा व्यवसाय सुतार, जमात मँडिंगो आणि मालकाचे नाव एवढेच आहे. मँडिंगो ही पश्चिम आफ्रिकेतील तीच जमात, जिच्यात शतकानुशतके इस्लाम रुजलेला होता आणि जिने मालीचे साम्राज्य उभारले. फासेनाचा धर्म कोणता, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला नोंदवण्याजोगे वाटले नाही.

डार्विनच्या बाजूने अमेरिकेत प्रथम उभे राहिले ते हार्वर्डचेच वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि ईश्वराला सोडून ते डार्विनकडे गेले नव्हते. खुद्द डार्विनच्या घराण्यात गुलामगिरीचा तिटकारा होता आणि सर्व मानवांचे मूळ एक, हे त्याचेही मत होते. त्याचा सिद्धान्त आपण मान्य करा अथवा करू नका. या एका मुद्द्यावर तो आपल्या बाजूला आणि अगासी पलीकडच्या बाजूला होते, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

१८६३ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, मुक्त होणाऱ्या गुलामांविषयी सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळातील सॅम्युअल हाऊ यांनी अगासी यांचा सल्ला मागितला. काळ्यांना सामाजिक समता देऊ नये आणि वंशांची सरमिसळ होऊ देऊ नये, असे त्यांनी कळवले. १८६५ मध्ये ते ब्राझीलला गेले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही हिमनद्यांच्या खुणा सापडल्या तर मध्ये सर्व जीव नष्ट झाले होते असे ठरेल आणि डार्विनचा सिद्धान्त कोसळेल, अशी त्यांची अटकळ होती. खुणा सापडल्याचे त्यांनी जाहीर केले. पुढील भूशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. १८३६ साली दगडावरचे ओरखडे पाहून मत बदलणारा तो तरुण आता जे पाहायचे ठरवले होते तेच पाहत होता. मानाउस येथे त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांची पुन्हा तशीच छायाचित्रे काढवली.

त्यांचे विद्यार्थी एकेक करून उत्क्रांतिवादाकडे वळले. त्यांचा मुलगा अलेक्झांडर, जो पुढे स्वतः नामवंत प्राणिशास्त्रज्ञ झाला, त्यानेही वडिलांचे मत धरले नाही. तरी अध्यापनाची त्यांची ओढ शेवटपर्यंत टिकली. १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीज नावाच्या लहानशा बेटावर त्यांनी शिक्षकांसाठी निसर्गशाळा उघडली. तिच्यात स्त्रियाही होत्या. वर्गाची सुरुवात त्यांनी मूक प्रार्थनेने केली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. कबरीवर आर हिमनदीवरून आणलेली शिळा बसवण्यात आली.

कोलंबियातील ती छायाचित्रे हार्वर्डच्या संग्रहालयाच्या माळ्यावर पडून होती. १९७६ मध्ये ती सापडली. रेंटीच्या वंशातील असल्याचे सांगणाऱ्या एका महिलेने २०१९ मध्ये त्यांच्यासाठी विद्यापीठावर दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि रेंटी, डेलिया, फासेना व इतरांची छायाचित्रे आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांच्या इतिहासाला वाहिलेल्या संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले. ते संग्रहालय चार्ल्सटनमध्ये आहे.