डॉ. कमला सोहोनी : विकरांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ



पचनाचा पाठ शिकवताना डोंबिवलीतल्या माझ्या वर्गात मी भाताची पेज घेते. पेजेत आयोडीन टाकलं की ती निळी होते. पण लाळ घालून थोडा वेळ ठेवलेल्या पेजेत तो रंग येत नाही, कारण लाळेतल्या विकराने स्टार्च फोडलेला असतो. किती मिनिटं लागली हे मुलं घड्याळात बघतात. झालं, विकराचं काम मोजलं! मग मी त्यांना कमलाताईंची गोष्ट सांगते.

कमला भागवत यांचा जन्म 1911 मध्ये इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाताईंनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाताई मागे हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. अपमान गिळून त्यांनी काम केलं. रामन यांचं मत बदललं आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं, हे त्यांनी दाखवलं. पेशींच्या श्वसनात या प्रथिनाचं मोठं काम असतं. 1939 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली.

लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांसोबत नीरा, कडधान्यं अशा गरिबांच्या आहारावर संशोधन केलं. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात. ते मोजायचे कसे? ठरावीक वेळात विकर किती प्रथिन फोडतं ते आधी बघायचं. मग धान्याचा अर्क घालून पुन्हा बघायचं. काम जेवढं कमी झालं, तेवढा अडथळा. आज विषाणूंवरची औषधं शोधतानाही याच तत्त्वावर चाचण्या होतात. एचआयव्हीच्या प्रथिन फोडणाऱ्या विकराला अडवणारी औषधं त्यातूनच पारखली जातात.

निवृत्तीनंतरही कमलाताई ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध काम करत राहिल्या. 1998 मध्ये त्यांचं निधन झालं.

पालकहो, मुलगी प्रयोगाचा पसारा मांडून बसली तर लगेच रागावू नका. हातात घड्याळ द्या आणि वेळ मोजायला सांगा. कमलाताईंना एका दारावर वर्षभर परीक्षा द्यावी लागली. आपल्या मुलींसाठी निदान घरचं दार तरी उघडं असू दे.