मार्कोनी : बिनतारी संदेशाचा जनक आणि गुप्ततेचा प्रश्न

लंडनमधील रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात ४ जून १९०३ रोजी एक जाहीर व्याख्यान सुरू होते. व्याख्याते होते प्राध्यापक जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग. व्याख्यानाच्या अखेरीस सुमारे तीनशे मैलांवरील कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून, पोल्डू येथील केंद्रातून, गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा बिनतारी संदेश येणार होता. तो येण्यापूर्वीच सभागृहातील यंत्र वाजू लागले. फ्लेमिंग यांच्या एका सहायकाने मोर्स संकेत ओळखले आणि तो चकित झाला. उंदरांना उद्देशून वापरला जाणारा एक इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि त्यापाठोपाठ इटलीतून आलेल्या एका तरुणाची टिंगल करणाऱ्या ओळी. हा तरुण म्हणजे स्वतः मार्कोनी होते. ठरलेल्या वेळेच्या जरा आधी हा अनाहूत संदेश थांबला, पोल्डूचा संदेश आला आणि बहुतेक श्रोत्यांना काही कळले नाही. मात्र बिनतारी यंत्रणेत परक्याने शिरकाव केल्याचे हे पहिले गाजलेले उदाहरण ठरले.

मार्कोनी यांचा जन्म इटलीतील बोलोन्या येथे २५ एप्रिल १८७४ रोजी झाला. वडील ज्युसेप्पे हे सधन जमीनदार, तर आई अॅनी जेमसन ही आयर्लंडच्या प्रसिद्ध मद्य उत्पादक घराण्यातील. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांनी घेतली नाही. बोलोन्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ आऊगुस्तो रिगी यांच्याशी असलेल्या परिचयामुळे हाइनरिख हर्ट्झ यांनी शोधलेल्या विद्युतचुंबकीय लहरींची त्यांना ओळख झाली. १८९४ मध्ये हर्ट्झ यांचे निधन झाले. या लहरींवरून संदेश पाठवता येईल, ही कल्पना त्याच सुमारास वीस वर्षांच्या मार्कोनी यांच्या मनात घर करून बसली.

पोन्तेक्क्यो येथील घराच्या माळ्यावर त्यांनी प्रयोग सुरू केले. १८९५ मध्ये त्यांनी एरिअल उंच केले, त्याचे एक टोक जमिनीला जोडले आणि संदेशाचा पल्ला सुमारे अडीच किलोमीटरपर्यंत नेला. मध्ये टेकडी होती. पलीकडे थांबलेल्या भावाने बंदुकीचा बार काढून संदेश मिळाल्याची खूण केली. नव्या मूलतत्त्वाचा शोध त्यांनी लावला नव्हता, हे नमूद करायला हवे. सुटे सुटे माहीत असलेले भाग एकत्र आणून त्यांचे कामाचे यंत्र करणे, ही त्यांची खरी कर्तबगारी.

१८९६ मध्ये आईसोबत ते इंग्लंडला गेले आणि जूनमध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना पाठबळ दिले. मे १८९७ मध्ये ब्रिस्टल खाडीच्या पाण्यावरून संदेश गेला. जुलैमध्ये कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९९ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी ओलांडली गेली.

याच टप्प्यावर गुप्ततेचा प्रश्न पुढे आला. तारेतून जाणारा संदेश चोरायचा तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. बिनतारी संदेश मात्र चहूदिशांना पसरतो, तो भिंतीपाशी वा कुंपणापाशी थांबत नाही. ज्याच्याकडे ग्राहक यंत्र असेल, त्याला तो ऐकता येणार. युद्धनौका आणि विमा कंपन्या अशा ग्राहकांसाठी ही उणीव गंभीर होती. शिवाय दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागली, तर दोघांचेही संदेश एकमेकांत मिसळत. यावर मार्कोनी यांनी एप्रिल १९०० मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला. ते ७७७७ या क्रमांकाने प्रसिद्ध आहे. प्रक्षेपक आणि ग्राहक ही दोन्ही यंत्रे एका ठरावीक तरंगलांबीवर जुळवून घ्यावीत, म्हणजे अन्य लहरींना प्रतिसाद मिळणार नाही, अशी त्यामागची योजना होती.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, पोल्डूहून पाठवलेले तीन ठिपके ऐकू आल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. ते संकेत खरोखरच ऐकू आले होते का, याबद्दल तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. त्या वेळी वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकाचे मूळ आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या संशोधनात असल्याचे काही अभ्यासक साधार मांडतात. बोस यांनी अशा उपकरणावरील निबंध १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. पेटंटच्या बाजारात त्यांना रस नव्हता. मार्कोनी यांना होता, आणि पुढील इतिहासाचा बराचसा भाग या एका फरकाने घडवला.

अटलांटिक ओलांडल्याच्या वार्तेने समुद्राखालील तारांचे मालक धास्तावले. त्यांत ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी आघाडीवर होती. कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो हे तिचे मोठे ठाणे होते आणि तेथून निघणाऱ्या तारांच्या मालिकेने १८७० पासून मुंबई लंडनशी जोडलेली होती. या कंपनीने नेव्हिल मॅस्केलिन यांना कामावर नेमले. मॅस्केलिन हे लंडनमधील नामांकित जादूगार घराण्यातील. बिनतारीचे प्रयोग ते स्वतः करत, आणि मार्कोनी यांच्या व्यापक पेटंटांमुळे आपली वाट अडल्याचा त्यांना रागही होता. पोर्थकर्नोजवळ उंच खांब उभारून त्यांनी कान लावले, तेव्हा मार्कोनी कंपनीचे जहाजांशी चाललेले संदेश त्यांना सहज मिळू लागले. १९०२ मध्ये त्यांनी ही हकिगत विद्युतशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आणली.

मार्कोनी यांनी दावा सोडला नाही. आपली यंत्रे अशी जुळवता येतात की तशीच जुळवणी नसलेल्या यंत्राला संदेश पकडता येणार नाही, असे त्यांनी १९०३ च्या आरंभी वृत्तपत्रातून सांगितले. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रकार या दाव्याला दिलेले उत्तर होते. फ्लेमिंग यांनी संतापून टाइम्स दैनिकात पत्र लिहिले आणि अपराध्याचा शोध घेण्यासाठी वाचकांची मदत मागितली. मॅस्केलिन यांनी त्याच दैनिकातून आपणच ते केल्याचे उघड केले. संदेश सुरक्षित असल्याचे सांगितले जात असताना ते तसे नाहीत हे लोकांना दाखवणे भाग होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचा हेतू शुद्ध नव्हता, कारण मार्कोनींच्या प्रतिस्पर्ध्याचे पैसे त्यांनी घेतले होते. मुद्दा मात्र खरा होता. ठरावीक तरंगलांबी हे कुलूप नव्हे. ती शोधून काढली की कोणालाही आत येता येते.

कंपनीने दुसऱ्या मार्गानेही आपले क्षेत्र बंदिस्त करण्याचा प्रयत्न केला. अन्य कंपन्यांची यंत्रे असलेल्या जहाजांशी बोलण्यास मार्कोनी केंद्रे नकार देत. जर्मनीने त्यावर आक्षेप घेतला. १९०६ च्या बर्लिन परिषदेत, यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्यावरील केंद्राने जहाजाचा संदेश घेतलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यानंतर १९०९ मध्ये मार्कोनी यांना जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले. जहाजावरील दोन्ही बिनतारी चालक मार्कोनी कंपनीचे नोकर होते. त्यांच्या हाकेमुळे कार्पेथिया हे जहाज मदतीस धावले आणि सातशेहून अधिक जीव वाचले. या दुर्घटनेनंतर अमेरिकेने त्याच वर्षी कायदा करून हौशी प्रक्षेपकांना परवाना सक्तीचा केला आणि त्यांच्या लहरींचे क्षेत्र आखून दिले. हिंदुस्थानात परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा १९३३ मध्ये आला.

मार्कोनी यांच्या खासगी आयुष्यातील घटना थोडक्यात सांगता येतील. १९०५ मध्ये बिॲट्रिस ओब्रायन यांच्याशी विवाह, १९१२ मध्ये मोटार अपघातात उजवा डोळा गमावणे, १९१४ मध्ये इटलीच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्यत्व, १९२७ मध्ये दुसरा विवाह. १९१९ पासून एलेत्त्रा हे जहाज त्यांची फिरती प्रयोगशाळा होते.

या काळातील त्यांच्या कामाचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. चार्ल्स फ्रँकलिन या सहकाऱ्याच्या साह्याने त्यांनी लघुलहरींचा झोत एका दिशेने पाठवण्याची पद्धत विकसित केली. ब्रिटिश सरकारने १९२४ मध्ये या पद्धतीचा करार केला आणि १९२७ मध्ये इंग्लंड व हिंदुस्थान यांमध्ये ही सेवा सुरू झाली. हिंदुस्थानातील प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे होते आणि ग्राहक केंद्र दौंड येथे. मिनिटाला शंभराहून अधिक शब्द यंत्रानेच पाठवले व टिपले जात. लहर चहूकडे न पसरता झोतात जात असल्यामुळे आडून ऐकणे पूर्वीपेक्षा कठीण झाले. अशक्य मात्र झाले नाही. झोताच्या मार्गात योग्य यंत्र असलेला माणूस तो टिपू शकत होता. म्हणून खरी गुप्तता हवी असलेले आपला मजकूर आधी सांकेतिक लिपीत बदलून देत.

ही सेवा तारेपेक्षा स्वस्त ठरली आणि समुद्राखालील तारांचा धंदा धोक्यात आला. शेवटी १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील तार व बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. मॅस्केलिन यांना पैसे देणारी ईस्टर्न टेलिग्राफ आणि मार्कोनी यांचा संदेश व्यवसाय एकाच छत्राखाली आले. हिंदुस्थानातही १९३२ मध्ये तसेच विलीनीकरण झाले, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी सरकारने तो कारभार ताब्यात घेतला.

त्यांच्या चरित्रातील एक काळी बाजू टाळता येत नाही. १९२३ मध्ये ते फॅसिस्ट पक्षाचे सदस्य झाले आणि १९३० मध्ये मुसोलिनीने त्यांना इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष केले. अखेरपर्यंत त्यांनी त्या राजवटीची साथ सोडली नाही. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या सन्मानार्थ अनेक देशांतील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

१९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या ट्यूनिंगच्या अमेरिकी पेटंटातील काही कलमे रद्द ठरवली. ऑलिव्हर लॉज, निकोला टेस्ला आणि जॉन स्टोन यांचे काम आधीचे असल्याचे न्यायालयाचे मत पडले.

मॅस्केलिन यांनी दाखवलेली फट शंभर वर्षांनंतर घराघरांत पोहोचली. वाय-फायसाठी १९९७ मध्ये ठरवलेली वेप ही सांकेतिक पद्धत २००१ मध्येच मोडता येते असे सिद्ध झाले होते, तरी ती अनेक यंत्रांवर वर्षानुवर्षे चालू राहिली. अनेक घरांत तर कोणतेच कुलूप नव्हते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले. त्या घरातील परदेशी रहिवाशाचे वाय-फाय परक्यांनी वापरले होते. संशयाची पहिली सुई मात्र त्याच्याकडेच वळली. ऑगस्टमध्ये माटुंग्यातील आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरमधील जोडण्यांचा तसाच गैरवापर झाला.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके रस्त्यांवर फिरून उघड्या जोडण्या शोधू लागली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना वापरकर्त्यांच्या ओळखीबाबत सूचना दिल्या. जोडणीचे नाव लपवणे हा उपाय तेव्हाही पुरेसा नव्हता आणि आजही नाही. तरंगलांबी लपवण्यासारखाच तो प्रकार आहे. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-टू किंवा २०१८ मधील डब्ल्यूपीए-थ्री पद्धत, लांब संकेतशब्द आणि राउटरसोबत आलेला मूळ प्रशासकीय संकेतशब्द बदलणे, एवढी व्यवस्था घरमालकाला स्वतःच करावी लागते.