आठ दिवसांचा पाहुणा आणि सत्तेचाळीस वर्षांचा मुक्काम

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालात की हडपसर मागे पडतं, लोणी काळभोर येतं आणि साधारण तीस किलोमीटरवर उरुळी कांचन लागतं. रेल्वे स्टेशन आहे, बाजारपेठ आहे, हायवेला असते ती गर्दी आहे. खिडकीतून बघाल तर हे गाव बाकीच्या गावांसारखंच वाटेल. पण तुमच्या हॉस्टेलवर सकाळी जो कटिंग चहा येतो, त्यातल्या दुधाच्या इतिहासाचं एक मोठं पान याच गावात लिहिलं गेलंय. ते लिहिणारा माणूस इथला नव्हता. तो गुजराती होता, आणि इथे आला तेव्हा जवळपास तुमच्याच वयाचा होता.

त्यांचं नाव मणिभाई देसाई. गावाच्या तोंडी ते नुसते मणिभाई.

पंचविशीतला शब्द

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२०चा. गाव कोसमाडा, जिल्हा सुरत. घर शेतकऱ्याचं. ते जवळपास दहा वर्षांचे असताना गांधीजींची दांडीयात्रा त्यांच्याच जिल्ह्यातून गेली. ज्या मुलांनी ते दिवस जवळून पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांचं आयुष्य तिथेच वळलं. मणिभाई शिकत होते, हुशार होते. पण १९४२ची चळवळ आली आणि तेही त्यात उतरले. तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर नोकरीच्या मागे न लागता त्यांनी सेवाग्रामची वाट धरली.

मार्च १९४६. गांधीजींना गरिबांसाठी निसर्गोपचाराचं केंद्र काढायचं होतं. आधी पुण्यात प्रयत्न झाला. पण खेड्यातला आजारी माणूस शहरापर्यंत येणार कसा, हा प्रश्न होताच. मग उरुळी कांचन ठरलं. गांधीजी तिथे साधारण आठवडाभर राहिले. माती, पाणी, ऊन, साधा आहार आणि रामनाम एवढ्या सामग्रीवर रोगी तपासले आणि पुढच्या कामाला निघून गेले. मागे ज्यांच्यावर काम सोपवलं, त्यांत हा पंचवीस वर्षांचा तरुण होता. त्याने शब्द दिला की आयुष्य इथेच घालवीन.

इथे जरा थांबून विचार करा. पंचविशीत आपण काय करतो? दोन वर्षांचा बॉण्ड सही करतानाही चार जणांना विचारतो. या माणसाने अख्ख्या आयुष्याचा बॉण्ड लिहून दिला, तोही अशा गावासाठी जिथली भाषा त्याची नव्हती. दोन वर्षांच्या आत गांधीजी गेले. तो शब्द मोडला असता तर विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मणिभाईंनी तो मोडला नाही. त्यांनी लग्नही केलं नाही. आश्रम सांभाळला, गावात महात्मा गांधी विद्यालय उभं केलं, शेतीत प्रयोग केले आणि मग ते गायीकडे वळले.

गाय पूजेची की हिशेबाची?

निसर्गोपचारात आहार मोठा, आणि आहारात दूध मोठं. म्हणून आश्रमाला गोशाळा हवी होती. मणिभाईंनी सौराष्ट्रातल्या गीर गायी जोपासल्या. बाक असलेली शिंगं, पानासारखे लांब लोंबते कान, तांबूस रंग अशी ही गाय तुम्ही ओळखत असाल. नीट निवड, नीट खाणं आणि काटेकोर नोंदी ठेवल्या तर देशी गायही चांगलं दूध देते, हे या गोशाळेत दिसत होतं.

पण कुंपणाबाहेरचं चित्र वेगळं होतं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या दावणीला होत्या त्या गावठी गायी, दिवसाला लिटर-दोन लिटर देणाऱ्या. कालवड पहिल्यांदा व्यायला चार-चार वर्षं घ्यायची. त्यानंतर ती काही महिने दूध द्यायची आणि बराच काळ भाकड राहायची. शेतकरी तिला पाळायचा ते मुख्यतः बैलासाठी. दूध हा वरचा फायदा.

गांधीजींचं गोसेवेबद्दलचं मत फार व्यवहारी होतं. गाय वाचवायची असेल तर ती पाळणाऱ्याला परवडली पाहिजे, असं ते मानत. मणिभाईंनी हे मत शेवटापर्यंत ताणलं. तिथे जो निर्णय आला, तो एका गांधीवाद्याला सोपा नव्हता: देशी गायीला परदेशी वळूचं रेत द्यायचं. होल्स्टीन फ्रिजियन आणि जर्सी. खादी घालणाऱ्या, आश्रमात राहणाऱ्या माणसाने विलायती रक्त आणायचं म्हणजे टीका होणारच. ती झाली आणि आजही होते.

नळीत मावलेला वळू

१९६७ साली मणिभाईंनी भारतीय अॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजेच बाएफ, ही संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. संस्थेची कल्पना समजून घेण्यासाठी थोडं सायन्स बघू. आर्ट्सवाल्यांनी पान उलटू नका, सोपं आहे.

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. ती हंबरते, अस्वस्थ होते, खाणं कमी करते, दुसऱ्या गायींवर उडते, काचेसारखा स्वच्छ सोट टाकते. हा माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा ढोबळ नियम आहे. ही वेळ हुकली की २१ दिवस गेले. तेवढे दिवस चारा चालू, दूध मात्र नाही.

आता शेतकऱ्याची अडचण बघा. चांगला वळू पाळणं त्याला परवडत नाही. सरकारी दवाखाना लांब. माजावरची गाय दोरीला धरून आठ-दहा किलोमीटर चालवत न्यायची, आणि पोचेपर्यंत डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. मणिभाईंची खरी हुशारी इथे दिसते. त्यांनी गाय चालवायची नाही, सेवा चालवायची असं ठरवलं. उत्तम वळूच्या एका वेळच्या रेतापासून शेकडो मात्रा करता येतात. त्या बारीक नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. मग प्रशिक्षण घेतलेला पोरगा ते भांडं दुचाकीला लावतो आणि थेट गोठ्यात हजर होतो.

आज तुम्ही ज्याला डोअरस्टेप डिलिव्हरी म्हणता ना, तीच ही. फक्त अॅप नव्हतं. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या साथीने हे काम पसरलं, कारण ऊस उत्पादक शेतकऱ्यांचं जाळं आधीच तयार होतं. मग ते इतर राज्यांत गेलं.

संकर म्हणजे जादू नव्हे

देशी गाय आणि परदेशी वळू यांची पहिली पिढी, म्हणजे निम्मं-निम्मं रक्त. या कालवडी देशीपेक्षा लवकर, साधारण अडीच वर्षांच्या आसपास वितात आणि एका वेतात दोन-अडीच हजार लिटरपर्यंत दूध देऊ शकतात. ‘देऊ शकतात’ हे शब्द महत्त्वाचे. नुसतं रक्त बदलून कास भरत नाही. म्हणून रेतनासोबत गोठ्याचं गणितही शेतकऱ्यापर्यंत पोचावं लागतं. ते थोडक्यात असं:

वासरू जन्मल्यावर तासाभरात त्याला चीक पाजायचा. रोगाशी लढायची ताकद वासराला चिकातूनच मिळते आणि उशीर झाला तर ती शोषलीच जात नाही. गायीला हिरवा चारा आणि कडबा दोन्ही हवेत, आणि तेही कुट्टी करून, म्हणजे नासाडी होत नाही. पेंड-सरकीचा खुराक दुधाच्या हिशेबाने: शरीरासाठी किलोभर आणि वर दर अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो. पाणी समोर भरपूर हवं, कारण एक लिटर दुधासाठी तिला तीन-चार लिटर पाणी लागतं. धार काढण्याआधी कास धुवून, पुसून घ्यायची आणि पान्हा सुटला की सहा-सात मिनिटांत दूध काढून संपवायचं. सडात दूध राहिलं, गोठा ओला राहिला, की कासदाह ठरलेला. गाय गाभण राहिली की नऊ महिने नऊ दिवसांनी विते. त्याआधीचे दोन महिने तिला आटवायचं, म्हणजे कासेला विश्रांती मिळते. हे सगळं जमलं तर साधारण वर्षाला एक वेत. दूधधंद्याचा नफा या एका ओळीत आहे.

चाऱ्यासाठी बाएफने सुबाभूळही पसरवली. भराभर वाढणारं, प्रथिनांनी भरलेला पाला देणारं हे झाड. गाय हवी तर आधी तिची गव्हाण भरायला हवी, हा साधा हिशेब त्यामागे होता.

मग टीका खोटी का?

नाही, आणि ती तुम्हाला न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. संकरित गाय उन्हाला हळवी असते, गोचीड आणि आजार तिला लवकर पकडतात, औषधांचा खर्च वाढतो. संकरित गोऱ्ह्याला खांद्यावर वशिंड नाही, त्यामुळे जू नीट बसत नाही. ट्रॅक्टर आल्यावर तर त्याला कोणी विचारेना. पिढ्यान्‌पिढ्या नुसतं परदेशी रक्त वाढवत नेलं तर दूध वाढण्याऐवजी गायच टिकत नाही. आणि खिल्लार, डांगी, देवणी असे आपले देशी वाण जपायचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

पण एक बाजू अशीही बघा. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याचं पीक वर्षातून एकदाच पैसे देतं आणि पाऊस फसला तर तेही देत नाही. दुधाचं बिल मात्र दर दहा-पंधरा दिवसांनी होतं. त्यातून किराणा येतो, दवाखाना होतो, कॉलेजची फी भरली जाते. तुमच्या वर्गात बघा. गावाकडून आलेल्या कितीतरी मुलांच्या डिग्रीमागे दोन गायी आणि पहाटे चारला उठणारी आई असते. मणिभाईंच्या डोळ्यांसमोर हा हिशेब होता. परदेशी की देशी, हा वाद त्यांनी घोषणेने सोडवला नाही. गीरची जोपासनाही केली आणि संकरही केला. शेतकऱ्याच्या दारात काय टिकतं ते बघितलं.

१९८२ साली त्यांना सार्वजनिक सेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पत्रकारितेसाठी अरुण शौरी आणि चिपको आंदोलनाचे चंडीप्रसाद भट्ट हेही मानकरी होते. त्याच सुमारास बाएफने गुजरातमधल्या वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर वाडी प्रकल्प सुरू केला. छोट्या, पडीक तुकड्यावर आंबा-काजूची झाडं लावायची, मधल्या जागेत पिकं घ्यायची, म्हणजे स्थलांतर थांबतं. गाय असो वा आंबा, विचार तोच: घराला घरीच पोसेल असं काहीतरी दारात उभं करायचं.

१४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाई गेले. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही तोवर झाला नव्हता. गांधीजी उरुळीत आठवडाभर राहिले, त्यांच्या शब्दाखातर मणिभाई सत्तेचाळीस वर्षं राहिले. त्यांनी सुरू केलेली संस्था आजही काम करते आहे. आज संध्याकाळीही कुठल्यातरी वस्तीवर एक गाय हंबरेल, फोन जाईल, आणि दुचाकीला भांडं लावून कोणीतरी निघेल. त्याला उशीर झाला तर त्या घराचे २१ दिवस वाया जातील.