डॉ. विल्लेम डिके : गव्हाचें कोडें सोडविणारे बालवैद्य

आमच्या छत्रपति संभाजीनगराच्या आसपास ज्वारी-बाजरीची भाकरी हें घरोघरचें जुनें अन्न होय. गव्हाची पोळी, पाव व बिस्किटें हीं मागाहून नित्याचीं झालीं. गहूं पौष्टिक खरा; परंतु कांहीं मुलांस तोच अपाय करितो. हें सिद्ध करणाऱ्या डच वैद्याचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

विल्लेम कारेल डिके ह्यांचा जन्म १९०५ सालीं हॉलंडांतील डॉर्ड्रेख्त येथें झाला. वैद्यकाचें शिक्षण संपवून ते बालरोगांकडे वळले, व १९३६ सालीं, अवघ्या ३१ व्या वर्षीं, हेग शहरांतील युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले.

त्या काळीं सीलिॲक नांवाचा रोग बालवैद्यांस मोठें कोडें होता. पोट फुगलेलें, हातपाय काडीसारखे, वारंवार फिकट व पातळ शौच, आणि वाढ खुंटलेली, अशीं हीं मुलें असत. लंडनचे डॉ. सॅम्युअल गी ह्यांनीं १८८८ सालीं ह्या रोगाचें उत्तम वर्णन केलें होतें. परंतु दोष कोणत्या अन्नांत आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें. कित्येक मुलें दगावत.

पाव बंद करतांच आपल्या मुलाचा त्रास कमी होतो, असें एका मातेनें डिके ह्यांस सांगितलें, असें म्हणतात. त्यांनीं तें हंसण्यावारी नेलें नाहीं. त्यांनीं गहूं वर्ज्य करून पाहिला व १९४१ सालीं तो आहार प्रसिद्ध केला. पुढें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, महायुद्धामुळें, हॉलंडांत घोर दुष्काळ पडला. पाव दुर्मिळ झाला. लोकांनीं ट्युलिपचे कंदही खाल्ले. परंतु सीलिॲकच्या मुलांवर पाव नसल्याचा विपरीत परिणाम झाला नाहीं, हें डिके ह्यांच्या ध्यानीं आलें. तरीही एवढ्यावर विसंबून न राहतां त्यांनीं सहकाऱ्यांसह मुलांस आळीपाळीनें गहूं देऊन व बंद करून शौचांतील चरबी मोजली. गव्हानें ती वाढे. १९५० सालीं उट्रेख्त विद्यापीठास त्यांनीं हा प्रबंध सादर केला. गव्हांतील ग्लुटेन हें प्रथिन अपायकारक, हें पुढें ठरलें. डिके १९६२ सालीं, ५७ व्या वर्षीं, निवर्तले.

आज जगांत शंभरांत सुमारें एकास हा रोग असतो. पुष्कळांस त्याचा पत्ताही नसतो. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणींत गहूं खाणाऱ्या उत्तरेंत हें प्रमाण शंभरांत एकाहून किंचित अधिक, तर भात खाणाऱ्या दक्षिणेंत हजारांत सुमारें एक आढळलें. कधीं कधीं केवळ खुंटलेली वाढ किंवा औषधानें न हटणारा पंडुरोग एवढेंच लक्षण असतें. निदानासाठीं प्रथम रक्तांतील विशिष्ट प्रतिपिंडें तपासतात. नंतर दुर्बिणीनें लहान आतड्याचा कण काढून, अन्नरस शोषणारे अंकुर झिजले आहेत काय, हें सूक्ष्मदर्शकांतून पाहतात. पालकांनीं तपासणीपूर्वीं आपल्या मतानें गहूं बंद करूं नये. तसें केल्यास रोग असूनही दिसत नाहीं. निदान झाल्यावर मात्र गहूं, जव व राय जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ व मका चालतात. मात्र गहूं दळलेल्या गिरणींतलें पीठ नको.

विद्यार्थिमित्रांनो, डिके ह्यांनीं एका मातेचा अनुभव आदरानें ऐकला, पण मोजून पाहिल्यावांचून निर्णय दिला नाहीं. हे दोन्ही गुण आपण अंगीं बाणवावे, अशी आमची विनंति आहे.