हेलन केलरची गैरहजेरी

हेलन केलरची शाळेत वाचलेली गोष्ट बहुतेक पाण्याच्या पंपापाशी संपते. अ‍ॅन सुलिव्हन बाई एका हातावर पाणी सोडतात, दुसऱ्या तळव्यावर अक्षरं काढतात आणि मुलीला शब्द उमगतो. तेव्हा हेलनला सात वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मला सांगायची आहे ती तिच्या कॉलेजची गोष्ट.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात तिची दृष्टी गेली आणि ऐकूही येईनासं झालं. तरी तिला रॅडक्लिफमध्येच जायचं होतं. हे हार्वर्डला जोडलेलं मुलींचं कॉलेज. तयारीसाठी १८९६ मध्ये ती केंब्रिजच्या एका शाळेत दाखल झाली. सुलिव्हन बाई शेजारी बसून शिक्षकांचं बोलणं तिच्या हातावर उतरवायच्या. हात ऐकण्यात गुंतलेला, त्यामुळे वर्गात नोट्स घेणं शक्यच नव्हतं. पहिल्या वर्षाच्या परीक्षा ती पास झाली, जर्मन आणि इंग्रजीत तर विशेष गुण मिळवून.

दुसऱ्या वर्षी गणित आलं. ब्रेलमधली पुस्तकं वेळेवर मिळेनात, वर्ग मोठे. भूमितीच्या आकृत्या ती उशीवर तारा टोचून समजून घ्यायची. अशात नोव्हेंबरमध्ये एक दिवस तिला बरं नव्हतं, म्हणून ती शाळेत गेली नाही. दुखणं किरकोळ होतं. पण मुख्याध्यापक गिलमन यांनी ठरवलं की या मुलीला अभ्यास झेपत नाही. त्यांनी तिचे विषय असे बदलले की तिला आपल्या वर्गाबरोबर शेवटची परीक्षा देताच आली नसती. गिलमन वाईट माणूस नव्हते. तिच्याशी बोलता यावं म्हणून ते स्वतः हातावरची लिपी शिकले होते. तरीही हा निर्णय त्यांनी घेतला. वाद वाढला आणि आईने हेलनला शाळेतून काढलं.

पुढचा अभ्यास कीथ नावाच्या शिक्षकांकडे झाला. आधी आठवड्यातून दोनदा, नंतर आठ महिने आठवड्याचे पाच दिवस, रोज साधारण तासभर. मागचं कळलं नसेल तर आधी ते, मग नवं. तिने टाइप केलेला ग्रीकचा अभ्यास ते घरी नेऊन तपासायचे. घाई नव्हती, आणि वर्गापेक्षा हे तिला सोपं गेलं.

जून १८९९ च्या परीक्षेत मात्र सवलत बेताचीच होती. सुलिव्हन बाईंना प्रश्न सांगायला मनाई झाली. पेपर ब्रेलमध्ये दिले, पण बीजगणिताची चिन्हं तिला सवय नसलेल्या पद्धतीची निघाली. ती तिने परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत घोकली आणि पास झाली. १९०० मध्ये ती रॅडक्लिफला गेली, १९०४ मध्ये विशेष श्रेणीत बी.ए. झाली. पुढे आयुष्यभर तिने अंधांसाठी काम केलं. १९६८ मध्ये ती वारली.

या सगळ्यात अभ्यासक्रम कुणी सोपा केला नव्हता. बदलली ती फक्त वेळ आणि शिकवण्याची रीत.

माझी एक मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात शिकते. दर महिन्याला उपचारासाठी तिचे काही दिवस जातात. असाइनमेंट्स वेळेत असतात, मार्कही चांगले, तरी सेमिस्टर संपताना ७५ टक्क्यांच्या यादीत तिचं नाव अडकतं आणि तिला पुन्हा तीच फाइल घेऊन ऑफिसात उभं राहावं लागतं. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करायला सांगतो. मग हजेरीचं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून का घेऊ नये? उपचाराचे दिवस आधी नोंदवायचे, त्या तासांच्या नोट्स किंवा रेकॉर्डिंग द्यायचं, बदली काम घ्यायचं. परीक्षा सगळ्यांसारखीच द्यायला ती तयार आहे. तिला फक्त हॉल तिकीट हवंय.