एकच बाई, पुन्हा पुन्हा

कुकरची शिट्टी, दारावरची बेल, मोबाइल... मन कसं ते एका जागी ठरतच नाही. म्हणूनच ग्वेन जॉन ही चित्रकर्ती मला जवळची वाटते.

तिचा जन्म १८७६ चा, वेल्समधला. आठ वर्षांची असताना आई गेली. पुढे लंडनच्या स्लेड कलाविद्यालयात ती शिकली. धाकटा भाऊ ऑगस्टसही तिथलाच. तो लवकरच नावाजला. ग्वेन १९०४ मध्ये पॅरिसला गेली. पोटासाठी इतर कलावंतांपुढे मॉडेल म्हणून बसायची. त्यातूनच शिल्पकार रोदँ भेटला. वयाने पस्तीस वर्षांहून मोठा. ती त्याच्यात इतकी गुंतली, की त्याला शेकडो पत्रं लिहिली. शहर गजबजलेलं होतंच, पण खरा गलबला तिच्या आतच होता.

१९११ च्या सुमारास ती पॅरिसजवळच्या म्यूदाँला राहायला गेली. (रोदँचं घरही तिथेच, हे विसरून चालणार नाही!) तिथल्या नन्सनी तिला आपल्या संस्थापिकेचं, मारी पूसपँचं, चित्र काढायला सांगितलं. ती बाई १७४४ मध्येच वारलेली. हाताशी होतं एक छोटंसं प्रार्थनेचं कार्ड. त्यावरून ग्वेन कित्येक वर्षं तोच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवत राहिली. नंतर आजारातून उठलेल्या एका तरुणीचं चित्र घेतलं. निळा पोशाख, वेताची खुर्ची, हातात कागद. हे चित्र तिने दहाएक वेळा केलं! रंग खडूसारखे फिके, मागे साधी भिंत. बघणाऱ्याची नजर भरकटायला जागाच नाही.

चर्चमध्ये मात्र प्रार्थना सोडून पुढे बसलेल्यांच्या पाठी नि टोप्या ती वहीत काढायची. लक्ष तिचंही उडायचंच की!

तिला संत वगैरे करू नये. मुलंबाळं नव्हती, जेवणाची हेळसांड होती. शिवाय शांततेलाही पैसे पडतात. जॉन क्विन हा अमेरिकन संग्राहक चित्रांच्या बदल्यात तिला नेमाने पैसे पाठवायचा, म्हणून निभावलं. १९२४ मध्ये तोही गेला. दोन वर्षांनी लंडनला तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं; तेव्हा ती पन्नाशीची होती. आज जाणकार तिला भावापेक्षा वरचढ मानतात.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं, तेव्हा ती समुद्रकाठच्या द्येपला गेली आणि तिथेच वारली. सोबत सामान नव्हतं म्हणतात. मांजरांची सोय मात्र करून गेली होती.