पाबळचे कलबाग सर



निवृत्तीनंतर काय करणार, असं आपल्याकडे कुणाला विचारलं की बहुतेक वेळा शेती, नातवंडं, देवदर्शन अशी उत्तरं मिळतात. आज ज्यांची ओळख करून देते आहे, त्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या पगाराची नोकरी मुदतीआधीच सोडली आणि खेड्यात जाऊन शिक्षकी पत्करली.

सरांचा जन्म 1928 चा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात त्यांनी पीएच.डी. केली. परत आल्यावर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलं. सगळं सुरळीत चाललेलं असताना 1983 मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र. पत्नी मीराताईही सोबत आल्या. दोघांनी आपला संसारच मुंबईहून पाबळला आणला.

पाबळ आपल्याला मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. पण गाव कोरडवाहू. आमच्या दौंड तालुक्यात भीमेकाठी आणि कालव्याखाली ऊस उभा असतो, तसं तिथे नाही. पावसाचा भरवसा नाही, पाण्याची ओढ कायमची. सरांना असंच गाव हवं होतं. विज्ञान खरंच उपयोगाचं असेल तर ते इथे उपयोगी पडायला पाहिजे, असा त्यांचा विचार.

त्यांच्याकडे येणारी मुलं कोण होती? बरीचशी शाळा सोडलेली, नापासाचा शिक्का बसलेली. सरांनी त्यांची गुणपत्रिका बघितली नाही, त्यांच्या हातात काम दिलं. वेल्डिंग, बांधकाम, वीज जोडणी, जमिनीची मोजणी, शेती, कोंबडीपालन, माती परीक्षण, रक्तगट तपासणी. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग पाडले आणि प्रत्येक मुलाला चारही शिकवले. गावातल्या लोकांची खरी कामं मुलं करायची. गेट बनवायचं तर माप बरोबर घ्यावं लागतं, खर्च काढावा लागतो, गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. यात गणित आलं, भाषा आली, हिशेबही आला. वहीतलं चुकलेलं उदाहरण खोडता येतं, पण चुकीच्या मापाचं गेट चौकटीत बसतच नाही. मग मूल आपणहून विचारतं, माझं कुठं चुकलं? सरांचा भर या प्रश्नावर होता.

गरजेतून आश्रमात नवनवीन गोष्टी तयार झाल्या. जीपचे सुटे भाग वापरून मेकबुल नावाचा छोटा ट्रॅक्टर झाला, कमी खर्चातली घुमटाकार घरं झाली, जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घेणारं यंत्र झालं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब उभी राहिली. जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि ती आपल्या शिरूर तालुक्यात!

सरांनी हे शिक्षण आश्रमापुरतं ठेवलं नाही. आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय माध्यमिक शाळांमध्ये नेला. शिकवायला बऱ्याचदा गावातलेच कारागीर. डिग्री नसली तरी काम येतं ना, मग तो शिक्षक होऊ शकतो, ही गोष्ट आपल्यासारख्या डी.एड. झालेल्यांनाही विचार करायला लावते.

2003 मध्ये सर गेले. शेवटची वीस वर्षं त्यांनी पाबळसाठीच दिली. आश्रम आजही चालू आहे.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचवलंय. मुलांनी स्थानिक कारागिरांकडून शिकावं, असं त्यात आहे. हे दिवस नुसत्या सहलीत आणि फोटो काढण्यात घालवायचे की गावातल्या सुताराकडे, गवंड्याकडे, दवाखान्यात मुलांना खरंखुरं काम बघू-करू द्यायचं, हे शेवटी आपल्याच हातात आहे.

पालकांनाही एक विनंती. मूल पंखा खोलून बसलं, मोटर दुरुस्त करणाऱ्यापाशी तासभर रेंगाळलं, तर लगेच रागावू नका. काय बघितलंस, असं विचारा. आणि आपण शिक्षकांनी वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी त्याच्या हाताला एकदा काम देऊन बघू. कलबाग सरांनी वीस वर्षं तेच केलं.

एकदा सवड काढून पाबळला जरूर जाऊन या.